मालक नाही, पण हुकूम आहे

ओतूरच्या उपबाजारात कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या हमालाला ठरलेला असा एक मालक नसतो. आज या अडत्याकडे, उद्या त्या. अशाच कष्टकऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. नोंदीत हमालाची मजुरी माथाडी मंडळाकडे जमा होते, वर व्यापाऱ्याकडून लेव्ही घेतली जाते आणि त्यातून फंड, ग्रॅच्युइटी मिळते.

पण ओतूरचाच एखादा मुलगा पुण्यात ॲपवर डिलिव्हरी करू लागला, की कागदोपत्री तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ ठरतो. दर कंपनी ठरवते, ऑर्डर कंपनी देते, रेटिंग पडलं तर आयडीही तीच बंद करते. गाडीचा हप्ता, पेट्रोल, पंक्चर मात्र याच्या खिशातून. हॉटेलबाहेर ताटकळलेल्या वेळेचे पैसे बहुधा नाहीत. पाय मोडला तर पगारी रजा नाही, कारण पगारच नाही. दिवसाचा गल्ला मोठा दिसतो. खर्च वजा केल्यावर काय उरतं, ते महिन्याअखेरीला कळतं.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचालकांना कामगार मानलं. त्यामुळे किमान वेतन, पगारी सुट्टी लागू झाली. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यात अशा ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे, तीही कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. किमान वेतनाची हमी त्यात नाही. माथाडीची वाट माहीत असलेल्या राज्याला हे तोकडं वाटायला हवं.