टीव्ही किती पुरे? दिवसाचा हिशेब मांडून पाहू

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सावित्री आणि गांधारी फुगतात, मैदानावर चिखल होतो, मुलांचा खेळ पडवीत येतो आणि पडवीतून घरात. लावणी उरकली की मोठी माणसेही संध्याकाळी लवकर घर गाठतात. या दिवसांत टीव्ही जास्त वेळ चालतो, त्यात नवल काही नाही. डोंगरातल्या वाडीवर केबल पोचलेली नसली तरी कौलांवर किंवा पत्र्यावर डिशची छत्री असते. दूरदर्शनची महिन्याचे भाडे न घेणारी उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाल्यापासून तर ती आडवळणाच्या घरांनाही परवडू लागली.

मग प्रश्न येतो तो घराघरांत रोज विचारला जाणारा : किती पाहिले म्हणजे जास्त झाले? आजी मालिकेसाठी रिमोट सोडत नाही, बाबांना बातम्या हव्यात, मुलांना कार्टून, आणि आईची तक्रार अशी की अभ्यास कुणाचाच होत नाही. विज्ञानाकडे या प्रश्नाचे उत्तर आहे. मात्र सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा त्यात नाही.

वयाप्रमाणे मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत पडदा अजिबात नको. दुसऱ्या वर्षातही तो टाळावा. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सचा सल्लाही याच दिशेचा आहे : दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, दोन ते पाच या वयात मोठ्यांच्या सोबतीने एक तासापर्यंत, पाच ते दहा या वयात दोन तासांच्या आत. यात टीव्ही आणि मोबाइल दोन्ही एकत्र मोजायचे आहेत. टीव्ही बंद करून मुलाच्या हातात मोबाइल दिला, तर पडद्याचा वेळ कमी झाला असे होत नाही.

हे आकडे कुठून आले, ते दिवसाचा हिशेब मांडला की कळते. पाचवीतले मूल घ्या. त्याला नऊ ते दहा तास झोप हवी. शाळा आणि जाण्यायेण्याचा वेळ धरून आठ तास जातात. वाडीवरून पायी उतरून एसटी पकडणाऱ्याचे थोडे जास्तच जातात. आंघोळ, जेवण, घरातली बारीकसारीक कामे यांना दोन तास. या वयाच्या मुलाने रोज किमान ६० मिनिटे घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अभ्यासाला एक-दीड तास धरला, तर उरतात जेमतेम दोन तास. त्यातच गप्पा, वाचन, आजीची गोष्ट आणि टीव्ही. पडदा दोन तासांच्या वर गेला की तो वेळ यातल्या दुसऱ्या कशातून तरी काढला जातो. बहुतेक वेळा तो झोपेतून आणि खेळातून जातो. टीव्हीच्या नुकसानीचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. पडद्यावर काय दिसले याइतकेच, त्या वेळात काय व्हायचे राहून गेले हे महत्त्वाचे ठरते.

चालू टीव्ही, न बोललेले शब्द

अनेक घरांत टीव्ही कुणी पाहत नसतानाही चालू असतो. आई भाकऱ्या करते, बाळ जमिनीवर खेळते, आणि कोपऱ्यात मालिका सुरू असते. बाळ तिकडे पाहत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या डिमिट्री क्रिस्टाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हा समज खोटा ठरवला. त्यांनी दोन महिने ते चार वर्षे वयाच्या ३२९ मुलांच्या कपड्यांच्या खिशात छोटे ध्वनिमुद्रण यंत्र ठेवले आणि दिवसभरात मुलाच्या कानावर मोठ्यांचे किती शब्द पडतात ते मोजले. ऐकू येईल अशा आवाजात टीव्ही चालू असलेल्या प्रत्येक तासामागे हे शब्द सरासरी ७७० नी कमी झाले. टीव्ही लागला की मोठी माणसे बोलायची थांबतात, आणि मूलही कमी आवाज काढते.

भाषा शिकण्यासाठी बाळाला उत्तर देणारे माणूस लागते. ते 'बा' म्हणाले की कुणीतरी 'काय रे, बाबा हवा?' असे म्हणावे लागते. टीव्ही कितीही बोलला तरी बाळाला उत्तर देत नाही. आणखी एका प्रयोगात एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन मागे मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावला. मुलांनी पडद्याकडे थोडाच वेळ पाहिले, तरी त्यांचा खेळ मध्ये मध्ये तुटत राहिला आणि एका खेळण्यात रमण्याचा वेळ घटला. म्हणून घरात तान्हे किंवा रांगते मूल असेल तर पहिला नियम सोपा आहे : कुणी पाहत नसेल तर टीव्ही बंद.

बसून राहणारे शरीर

न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा मागोवा संशोधक आजही घेत आहेत. पाच ते पंधरा या वयात शाळेच्या दिवशी दोन तासांहून जास्त टीव्ही पाहणाऱ्यांमध्ये सव्विसाव्या वर्षी जास्त वजन, वाढलेले कोलेस्टेरॉल, कमी दमसास आणि धूम्रपान यांचे प्रमाण अधिक आढळले. घरची आर्थिक स्थिती लक्षात घेऊनही हा संबंध टिकला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला.

मोठ्यांचे काय? ऑस्ट्रेलियात ८,८०० प्रौढांवर साडेसहा वर्षे लक्ष ठेवले गेले. दिवसाला चार तास किंवा त्याहून जास्त टीव्ही पाहणाऱ्यांत मृत्यूचा धोका दोन तासांहून कमी पाहणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी अधिक निघाला. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसले की रोज तासभर किंवा थोडी जास्त मध्यम जोमाची हालचाल केली, तर दिवसभर बसण्याचा धोका जवळपास पुसला जातो. पाच तासांहून जास्त टीव्ही पाहणाऱ्यांचा धोका मात्र त्यानेही कमी होतो, पुरता जात नाही.

या अभ्यासांना एक मर्यादा आहे. आजारी माणूस जास्त वेळ घरात बसतो आणि म्हणून जास्त टीव्ही पाहतो, असेही असू शकते. मात्र मुलांच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रयोगही झाला आहे. अमेरिकेत सॅन होजे इथल्या एका शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना सहा महिने टीव्ही कमी करण्याचे धडे दिले, दुसऱ्या शाळेत दिले नाहीत. पहिल्या शाळेतल्या मुलांचा टीव्ही घटला आणि त्यांचे वजन उंचीच्या मानाने कमी वेगाने वाढले. टीव्हीसमोर बसल्यावर माणूस हलत नाही आणि खाताना त्याचे पोटाकडे लक्ष राहत नाही, ही दोन्ही कारणे इथे एकत्र काम करतात.

भाताची खाचरे आणि डोंगरउतारावरची नाचणी करणाऱ्या पिढीला हा धोका नव्हता. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या, दुकानात किंवा कार्यालयात बसणाऱ्या आजच्या पिढीला तो आहे.

डोळे आणि झोप

डोळ्यांच्या बाबतीत टीव्हीपेक्षा मोबाइल वाईट, याला साधे भौतिकशास्त्र आहे. जवळचे पाहताना डोळ्यातल्या भिंगाला फुगावे लागते. भिंगाची शक्ती मोजण्याच्या डायोप्टर या एककात, तीन मीटरवरच्या टीव्हीसाठी हा ताण एक तृतीयांश डायोप्टर असतो, तर २५ सेंटिमीटरवरच्या मोबाइलसाठी चार डायोप्टर, म्हणजे बारा पट. लहान वयात डोळ्यांना दिवसाचा उजेड मिळाला की चष्मा लागण्याची शक्यता घटते. चीनमधल्या ग्वांगझू इथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर ठेवले. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टी आली होती, तर नेहमीसारख्या शाळांतल्या ३९.५ टक्क्यांना. ट्यूबलाइटच्या खोलीत एक-दोनशे लक्स उजेड असतो, आणि आभाळ भरलेल्या दुपारीही अंगणात तो हजारांच्या घरात जातो. म्हणून पावसाने उघडीप दिली की मुलांना बाहेर काढावे. ऊन पडायची वाट पाहायची गरज नाही.

रात्रीचा प्रश्न झोपेचा. मेंदूतले झोप आणणारे मेलाटोनिन अंधार पडल्यावर वाढते आणि डोळ्यांवर पडणाऱ्या निळसर प्रकाशाने दबते. टीव्ही लांब असल्याने त्याचा उजेड डोळ्यांपर्यंत कमी पोचतो, पण भांडणे आणि रहस्ये दाखवणारी मालिका मन जागे ठेवते आणि 'एवढा भाग संपू दे' म्हणत निजायची वेळ पुढे सरकते. झोपण्यापूर्वीचा एक तास पडद्याविना, हा नियम लहानमोठ्या सगळ्यांना लागू आहे.

दरडीची दृश्ये

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना एक वेगळी काळजी घ्यावी लागेल. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी भरले आणि त्याच दिवशी तळिये गावात दरडीखाली ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तेच संकट आले. अशा वेळी वाहिन्या तीच दृश्ये दिवसभर दाखवतात. अमेरिकेत सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच देशभर केलेल्या पाहणीत, घटनास्थळापासून शेकडो मैल दूर असलेल्या पण टीव्हीवर ती दृश्ये जास्त वेळ पाहिलेल्या माणसांत मानसिक ताणाची लक्षणे जास्त आढळली. ज्या मुलाने आपल्याच खोऱ्यातली दरड अनुभवली आहे, त्याच्यासमोर ती पुन्हा पुन्हा कोसळू देऊ नये. पावसाचा इशारा आणि रस्त्यांची बातमी मोठ्यांनी जरूर ऐकावी, आणि मग टीव्ही बंद करून मुलाला जवळ घ्यावे.

टीव्हीने दिलेलेही मोजूया

टीव्हीला नुसता दोष देणे अन्यायाचे होईल. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर आणि पुढे पाचगणी. पाचगणीच्या परिसरातल्या दोन डोंगरी गावांत राहून कर्क जॉन्सन या अभ्यासकाने टीव्हीने खेडे कसे बदलले ते नोंदवले आणि २००० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. वस्तूंची हाव वाढली हे त्यांनी पाहिले, तसेच घरातली वयाची आणि स्त्री-पुरुषांची जुनी उतरंड सैल होत असल्याचेही पाहिले. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी गोव्यासह भारतातल्या पाच ठिकाणच्या खेड्यांत केबल आल्यावर काय घडले ते तपासले. केबल आलेल्या गावांत बायकोला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या आणि मुलगाच हवा हा आग्रहही घटला.

मुले मुंबईला नोकरीत आणि गावी दोघेच म्हातारे, अशी कितीतरी घरे या डोंगरांत आहेत. त्यांना टीव्हीची सोबत असते, आणि ती हिसकावून घेण्याचा हक्क कुणाला नाही. त्यांच्यासाठीही विज्ञानाचा एक इशारा आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, रोज साडेतीन तासांहून जास्त टीव्ही पाहणाऱ्यांची शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता सहा वर्षांत अधिक घसरली. मुंबईच्या मुलाने आईला 'टीव्ही कमी बघ' असे सांगण्याऐवजी तिच्या मालिकेच्या वेळेआधी रोज फोन करावा. शेजाऱ्यांनी भजनाला, नाहीतर ओटीवर गप्पांना बोलवावे.

गावाने ठरवले तर

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होऊ लागले. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे हातात आलेले मोबाइल मुले सोडेनात, म्हणून तेव्हाचे सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी हा निर्णय घेतला. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. नियम मुलांइतकाच मोठ्यांनाही लागू होता, आणि या प्रयोगाचे बळ त्यातच होते. आई-बाप मालिका पाहत असताना शेजारच्या खोलीत मूल मन लावून अभ्यास करील, ही अपेक्षा कुठल्याही घरात पुरी होत नाही.

महाड-पोलादपूरच्या ग्रामसभांनी हा विषय घ्यावा. सात ते साडेआठची वेळ सगळीकडे जमेल असे नाही. जी जमेल ती ठरवावी. गाव तयार होईपर्यंत घराने थांबू नये. जेवताना टीव्ही बंद, निजण्याआधी तासभर बंद, कुणी पाहत नसेल तेव्हा बंद, दोन वर्षांखालच्या मुलासमोर बंद. शाळकरी मुलांना दिवसाचे दोन तास, मोठ्यांनीही शक्यतो तेवढेच, आणि जाहिराती लागल्या की उठून चार पावले चालणे. घरात झोप पुरी होत असेल, रोज घाम येत असेल आणि माणसे एकमेकांशी बोलत असतील, तर उरलेल्या वेळात टीव्ही खुशाल पाहावा. या तिन्हीतले एक जरी कमी पडत असेल, तर त्या घरात टीव्ही जास्त झाला आहे. आज रात्री सगळ्यांनी एकत्र बसून हा हिशेब मांडावा, आणि पहिला नियम मोठ्यांनी स्वतःला घालून घ्यावा.