दिवाणखान्यातील जुना ध्वनिसंच आणि नवा स्वस्त स्ट्रीमर

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील अनेक व्यापारी घरांच्या दिवाणखान्यात आजही एक मोठा ध्वनिसंच दिसतो. जड अ‍ॅम्प्लिफायर, दोन उंच लाकडी स्पीकर, शेजारी सीडी प्लेअर, क्वचित एखादा रेकॉर्ड प्लेअर. कोणी तो पेढीच्या भरभराटीच्या वर्षी ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असतो, कोणी सिंगापूर-दुबईच्या वारीत घेतलेला. त्या काळी लाख-दोन लाख रुपये मोजून घेतलेल्या या संचावर आज भरतकामाचे कापड आणि वर फुलदाणी असते. घरातील संगीत मात्र मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून वाजत असते.

अशा संचाचे करायचे काय, हा प्रश्न घर रंगवताना किंवा नव्या सदनिकेत जाताना हमखास उभा राहतो. मुलांचे म्हणणे असते की भंगारात द्यावा आणि एखादा सुटसुटीत, बोलून हुकूम घेणारा स्पीकर आणावा. दुकानदार सांगतो की संपूर्ण नवा संच घ्यावा. वडीलधाऱ्यांचे मन दोन्हींना तयार नसते. या दोहोंशिवाय एक तिसरा मार्ग आहे आणि तो सर्वांत कमी खर्चाचा आहे. जुना संच जागेवर राहू द्यावा आणि त्याला एक स्वस्त म्युझिक स्ट्रीमर जोडावा. हा सल्ला केवळ काटकसरीचा नाही. त्यामागे ध्वनिशास्त्र आहे आणि व्यापाऱ्याला सहज पटेल असा हिशेबही आहे.

स्ट्रीमर म्हणजे काय?

स्ट्रीमर म्हणजे हाताच्या तळव्यावर मावेल एवढी एक डबी. ती घरच्या वाय-फायला जोडली जाते, इंटरनेटवरून किंवा घरातील हार्ड डिस्कवरून संगीत घेते आणि एका वायरीने अ‍ॅम्प्लिफायरकडे पोहोचवते. मोबाईल येथे फक्त रिमोटचे काम करतो. ब्लूटूथमध्ये गाणे आधी मोबाईलमध्ये येते, पुन्हा दाबून लहान केले जाते आणि मग स्पीकरकडे जाते. फोन आला की गाणे थांबते, फोन घेऊन कोणी गच्चीवर गेले की आवाज तुटतो. स्ट्रीमरमध्ये गाणे थेट डबीकडे येत असल्याने ही अडचण उरत नाही.

गुगलने २०१५ साली क्रोमकास्ट ऑडिओ नावाची अशी डबी अवघ्या ३५ डॉलरला आणली, तेव्हा ही वस्तू सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. २०२२ साली वीम मिनी हा स्ट्रीमर अमेरिकेत ९९ डॉलरला मिळू लागला. तंत्राची आवड असलेल्या तरुणांसाठी २०१२ पासून रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक उपलब्ध आहे आणि त्यावर मोफत प्रणाली घालून घरच्या घरी स्ट्रीमर तयार होतो. आपल्याकडे चांगला तयार स्ट्रीमर साधारण दहा ते वीस हजार रुपयांच्या पट्ट्यात येतो.

स्वस्त डबी महाग संचाला शोभेल काय?

ही शंका रास्त आहे. तीन लाखांच्या संचाला बारा हजारांची डबी जोडली तर आवाज डबीच्या पातळीवर उतरेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे का होत नाही, हे समजून घ्यावे.

१९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हापासून संगीत आकड्यांच्या रूपात साठवले जाते. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापे असतात. हे आकडे जसेच्या तसे पोहोचवणे एवढेच स्ट्रीमरचे मुख्य काम. धनादेशावरील रक्कम साध्या बॉलपेनने लिहिली किंवा सोन्याच्या निबाने लिहिली, तरी खात्यात तेवढीच जमा होते. आकड्यांचेही तसेच आहे. स्वस्त डबीने ते बिनचूक पोहोचवले तर महाग डबी त्यांत भर घालू शकत नाही.

या आकड्यांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. तो स्ट्रीमरमध्ये असतो, काही अ‍ॅम्प्लिफायरमध्येही असतो आणि स्वतंत्रही मिळतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चांगला डॅक महाग होता. आज या चिप इतक्या सुधारल्या आहेत की साध्या स्ट्रीमरमधील डॅकही सीडीच्या दर्जाला पुरून उरतो. आपल्याकडे आधीच चांगला डॅक असेल, तर स्ट्रीमरच्या ऑप्टिकल जोडणीतून आकडे त्याच्याकडे पाठवावेत. मग डबीच्या आतील डॅकचा प्रश्नच राहत नाही.

आवाजाचे खरे व्यक्तिमत्त्व ठरते ते स्पीकर, त्यांची मांडणी आणि खोली यांवरून. चांगल्या लाकडी पेटीतील मोठा स्पीकर हवा जशी हलवतो, तशी मोबाईलचा स्पीकर हलवू शकत नाही. तानपुऱ्याचा खर्ज, तबल्याच्या डग्ग्याची घुमार, भीमसेन जोशींच्या आवाजातील वजन या गोष्टी त्या हलणाऱ्या हवेतच असतात. वयाचाही विचार करावा. साठीनंतर कानाची तीव्र कंपने टिपण्याची क्षमता बरीच कमी झालेली असते आणि सीडीचा दर्जा तिच्याहून कितीतरी पुढचा आहे. म्हणून त्याहून वरच्या दर्जाच्या नावाखाली जास्त पैसे मागितले, तर आधी आपल्याच कानांना विचारावे.

घसाऱ्याचा हिशेब

व्यापाऱ्याला घसारा शिकवावा लागत नाही. आयकराच्या नियमांत सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर वर्षाला १५ टक्के घसारा धरतात, तर संगणकावर ४० टक्के. शंभर रुपयांच्या यंत्राचे पुस्तकी मूल्य चार वर्षांनी सुमारे ५२ रुपये उरते, संगणकाचे अवघे १३. संगणक लवकर जुना होतो हे कायद्यानेही मान्य केले आहे.

ध्वनिसंचाला हाच नियम लावून पाहावा. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ही यंत्रे आहेत. १९७० साली कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनसारख्या भारतीय कंपनीचे जुने स्पीकर आजही घरोघरी वाजतात. स्ट्रीमर हा मात्र संगणक आहे. त्याचे वाय-फाय, त्याचे सॉफ्टवेअर, त्याला चालणाऱ्या सेवा पाच-सात वर्षांत बदलतात. म्हणून जो भाग दीर्घकाळ टिकतो त्यात भांडवल गुंतवावे आणि जो लवकर कालबाह्य होतो तो स्वस्तात घ्यावा. सगळे एकाच पेटीत असलेला महागडा नवा संच घेतला, तर संगणकाचा भाग जुना झाल्यावर चांगले स्पीकरही त्याच्याबरोबर अडकतात. डबी वेगळी असेल तर डबीच बदलते.

ही भीती काल्पनिक नाही. क्रोमकास्ट ऑडिओची विक्री गुगलने जानेवारी २०१९ मध्ये थांबवली. पुढे मार्च २०२५ मध्ये त्यातील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या असंख्य घरांतील डब्या एका दिवसात मुक्या झाल्या. काही दिवसांनी गुगलने दुरुस्ती पाठवली. स्क्वीझबॉक्स या गाजलेल्या स्ट्रीमरची इंटरनेट सेवा लॉजिटेकने २०२४ साली बंद केली. दोन्ही वेळी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांना काहीच झाले नाही.

जोडणीपूर्वी आणि जोडणी करताना

डबी आणण्यापूर्वी जुना संच तपासून घ्यावा. स्पीकरच्या पडद्याभोवती फोमची कडा असेल, तर आपल्या दमट हवेत ती पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होते. ती बदलून मिळते, त्यासाठी स्पीकर टाकून देण्याची गरज नाही. चिंचणी-तारापूर किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने जोडणीच्या पिनांवर थर चढतो आणि आवाज खरखरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना व बटणे साफ केली की पुष्कळदा दुरुस्तीचे कामच उरत नाही. वर्षानुवर्षे बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर एकदम मोठ्या आवाजात चालवू नये. आधी जाणत्या कारागिराकडून उघडून पाहून घ्यावा.

जोडणी सोपी आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ऑक्स, सीडी, ट्यूनर किंवा टेप असे लिहिलेल्या कोणत्याही जागी स्ट्रीमरची वायर लावता येते. फोनो असे लिहिलेल्या जागी मात्र लावू नये. ती रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण संदेशासाठी असते, तेथे स्ट्रीमर जोडल्यास आवाज फाटतो. पहिल्यांदा सुरू करताना अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवावा. स्ट्रीमरचा आवाज पूर्ण ठेवून पुढे कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवरूनच करावे.

संगीतसेवेच्या सेटिंगमध्ये ध्वनीचा दर्जा तपासावा. तो पुष्कळदा मोबाईलचा डेटा वाचवण्यासाठी आपोआप कमी ठेवलेला असतो. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ पासून काटछाट नसलेला दर्जा त्याच वर्गणीत दिला आहे आणि स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. कोणत्या योजनेत काय मिळते आणि ती सेवा आपल्या डबीवर थेट चालते का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. सीडीच्या दर्जाचे तासभर संगीत न दाबता घेतले तर सुमारे ६३५ एमबी होते, दर्जा न गमावता आवळले तर साधारण त्याच्या निम्मे-पाऊण. घरी फायबरचे कनेक्शन असेल तर ही चिंता नाही. राउटर आणि स्ट्रीमर यांच्यात जाड भिंती असतील, तर लॅनची वायर ओढणे उत्तम.

पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की संच, स्ट्रीमर आणि राउटर यांचे प्लग काढून ठेवावेत, केवळ बटण बंद करून भागत नाही. खरेदी पक्क्या बिलावर आणि भारतातील वॉरंटीसह करावी.

भाड्याचे संगीत, मालकीचे संगीत

स्ट्रीमर आला म्हणजे कपाटातील सीडी, कॅसेट आणि ध्वनिमुद्रिका रद्दीत द्यायच्या, असा समज होऊ देऊ नये. वर्गणी भरून ऐकलेले संगीत भाड्याचे असते. मार्च २०२३ मध्ये करार न जुळल्याने झी म्युझिकची अनेक हिंदी गाणी स्पॉटिफायवरून नाहीशी झाली होती. ग्राहकांनी वर्गणी नियमित भरलेली होती, तरी गाणी गेली. मालकीची सीडी अशी कोणी काढून नेत नाही. मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले. तेथून घेतलेल्या सीडी ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांचे संगीत मात्र चालूच आहे.

सीडीतील संगीत संगणकावर फ्लॅक या स्वरूपात उतरवले तर दर्जा तसाच राहतो. एका सीडीला साधारण ४०० एमबी धरले, तरी ५०० सीडी २०० जीबीत मावतात, म्हणजे एका छोट्या हार्ड डिस्कवर. ही डिस्क राउटरला किंवा घरच्या संगणकाला जोडली की बहुतेक स्ट्रीमर त्यावरील संगीत वाजवतात आणि इंटरनेट बंद असले तरी वाजवतात. कॉपी दोन कराव्यात आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी. वहीखात्यांची जी काळजी आपण घेतो, तीच येथेही घ्यावी.

कॅसेटची घाई त्याहून मोठी आहे. आपल्या घरांत आजीने गायलेली स्तवने, लग्नातील मंगलाष्टके, आजोबांनी नातवाला सांगितलेली गोष्ट अशा घरगुती कॅसेट असतात. त्या जगातील कोणत्याही संगीतसेवेवर मिळणार नाहीत. चुंबकीय फीत दमट हवेत बुरशीने खराब होते आणि कॅसेट डेकचे रबरी पट्टेही ढिले पडतात. डेक अजून चालत असेल तोवर त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. मग आजीचा आवाज त्याच मोठ्या स्पीकरमधून पुन्हा ऐकता येईल.

घरातील ज्येष्ठांसाठी

पेढी मुलांच्या हाती सोपवल्यावर दुपारचे तास लांब होतात. त्या वेळी गीतरामायण किंवा नाट्यसंगीत ऐकण्यासाठी नातू शाळेतून येईपर्यंत वाट पाहावी लागणे योग्य नाही. म्हणून स्ट्रीमर निवडताना त्याला साधा रिमोट मिळतो का आणि आवडीच्या याद्या किंवा रेडिओ केंद्रे एका बटणावर ठेवता येतात का, हे अवश्य पाहावे. पाच-सहा आवडत्या याद्या मुलांनी एकदा बसून तयार करून द्याव्यात आणि बटणांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून संचाशेजारी चिकटवावेत. त्या कागदाला काही खर्च येत नाही, पण तो नसेल तर बारा हजारांची डबीही फुलदाणीच्या शेजारी धूळ खात राहते.