सूत्राची मर्यादा आणि मोजणाऱ्याचे मोल

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात दिवसभर आकड्यांची उलाढाल चालते. पण तेथील प्रत्येक आकड्यामागे वजन असते किंवा दर असतो. ज्यामागे काहीच नाही अशा निव्वळ संख्येचा ध्यास घेणारे विरळाच. मूळ संख्या हा या ध्यासाचा फार जुना विषय. १ व स्वतः यांखेरीज विभाजक नसलेल्या या संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने सिद्ध केले. त्या एखाद्या सूत्रात बांधता येतील काय, हा प्रश्न मात्र मागे उरला.

ऑयलरने १७७२ मध्ये एक मोहक सूत्र दिले: संख्येच्या वर्गातून तीच संख्या वजा करून ४१ मिळवावेत. १ ते ४० पर्यंत उत्तर दर वेळी मूळ संख्याच येते. ४१ ला मात्र १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग, हाती पडतो. पुढे १९४७ मध्ये मिल्सने असा स्थिरांक अस्तित्वात असल्याचे सिद्ध केले, की ज्याचे ३ रा, ९ वा, २७ वा असे घात घेऊन अपूर्णांक टाकून दिल्यास नेहमी मूळ संख्याच उरावी. रीमानचे गृहीतक खरे मानल्यास त्याची किंमत सुमारे १.३०६३७७ येते आणि त्यातून २, ११, १३६१ या संख्या निघतात. परंतु या स्थिरांकाचे पुढचे अंक ठरवण्यासाठी त्या मूळ संख्याच आधी शोधाव्या लागतात. कुलपाची किल्ली पेटीतच राहिली!

सूत्राची ही मर्यादा दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या कामातही दिसते. १९०५ मध्ये डहाणूस जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीस शाळाशिक्षक होते. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ पासून २४ होतात. ज्या संख्येला असा जनक नाही, तिला त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले. २०, ३१, ५३, ९७ या अशा संख्या. त्यांतील शेवटच्या तीन मूळही आहेत. ९ पासून ९७, ९७ पासून ९०५ असे स्वयंभू संख्या देत जाणारे एक सूत्र आहे. पण मधली १०८ त्याच्या हातून निसटते.

चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास, चारही अंक सारखे नसतील तर, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतात. कापरेकरांच्या या स्थिरांकाला उपयोग काय, असे विचारून विद्वानांनी तो खेळ ठरवला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा जगाने या शिक्षकाची दखल घेतली. कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले.

सूत्र पाठ करून घेणे म्हणजे गणित शिकवणे, अशी समजूत आपल्या वर्गांत खोल रुजली आहे. परंतु सूत्र जेथे थांबते तेथेच जिज्ञासेचे काम सुरू होते. आणि त्या कामाला कागद, पेन्सिल व चिकाटी यांहून अधिक भांडवल लागत नाही, हे देवळालीच्या एका शिक्षकाने दाखवून दिले आहे.