पस्तीस तंबू, चार संडास

रात्री पावणेतीनला सासूबाईंनी मला हलवून उठवलं. "अगं, माझी रजई ओली लागतेय," त्या हळूच म्हणाल्या. पाऊस नव्हता. डिसेंबरातला शनिवार, बाहेर स्वच्छ चांदणं. मोबाइलचा उजेड वर धरला तर तंबूच्या छताला आतून थेंब लटकलेले, आणि कोणी कुशीवर वळलं की कापड हलून ते थेंब अंगावर पडत होते. त्यांना संडासला जायचं होतं. त्यांचा हात धरून, जमिनीवर पसरलेल्या विजेच्या वायरी ओलांडत, चढावरून दीडशे पावलं गेलो. पस्तीस तंबूंसाठी तिथे चार संडास. एक तुंबलेला, एकाला कडी नाही, उरलेल्या दोनांपुढे अकरा जणांची रांग. एकोणसत्तर वर्षांच्या त्या बाई शाल घट्ट आवळून उभ्या राहिल्या. तक्रारीचा एक शब्द काढला नाही. परतताना फक्त म्हणाल्या, "उद्या लवकर निघू या का?"

हा पवना धरणाचा काठ. आम्ही निगडीचे, घरापासून गाडीने दीड तासाची वाट. माणशी ३,५०० प्रमाणे चौघांचे १४,००० रुपये आगाऊ भरले होते. जाहिरातीत 'लक्झरी लेकसाइड ग्लॅम्पिंग' असे शब्द होते. फोटोत जाड पांढऱ्या कापडाचा उंच तंबू, आत लाकडी पलंग, कंदील, मागे स्वतंत्र न्हाणीघर. प्रत्यक्षात मिळाला गुडघ्यांवर रांगत शिरायचा नायलॉनचा घुमट आणि त्यात चार पातळ गाद्या. विचारलं तर व्यवस्थापक म्हणाला, "मॅडम, फोटोतले दोनच आहेत, ते गेले." चौदा हजारांचं दुःख मला झालं, पण त्याहून जास्त लागली ती सासूबाईंची ती रांग. सहलीची कल्पना त्यांची होती. गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती पहिलीच गोष्ट.

घरी आल्यावर हे नेमकं कशामुळे घडलं ते समजून घ्यायचं ठरवलं. मावळात, भंडारदऱ्याला, अलिबागच्या किनाऱ्याला अशा मुक्कामांची संख्या डोळ्यांसमोर वाढली आहे. आपल्यातली हजारो कुटुंबं वर्षातून एकदा असे पैसे मोजतात. त्यांना आपण काय विकत घेतो ते कळायला हवं.

आधी ते थेंब. बंद तंबूत झोपलेली चार माणसं रात्रभर श्वासातून वाफ सोडत असतात. निरभ्र रात्री तंबूचं कापड आपली उष्णता आभाळाकडे टाकतं आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतं. आतली वाफ त्या थंड कापडाला लागली की तिचं पाणी होतं, गार पाण्याचा पेला बाहेरून पाझरल्यासारखा दिसतो तसंच. म्हणून चांगल्या तंबूला दोन कापडं असतात. आतलं हवा जाऊ देणारं, बाहेरचं पाणी अडवणारं, आणि दोहोंमध्ये मोकळी जागा. वर वारा खेळायला झरोके. आमच्या तंबूचं बाहेरचं कापड नीट ताणून खुंट्यांना बांधलेलं नव्हतं, ते आतल्याला चिकटलं होतं. झरोके 'थंडी वाजेल' म्हणून चिकटपट्टीने बंद केलेले. थंडी मात्र खालून येत होती. पातळ गादी अंगाच्या भाराने दबते आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते. वर दोन रजया घेण्यापेक्षा खाली एक जाड सतरंजी कितीतरी उपयोगाची. ही गोष्ट आपल्या आज्यांना ठाऊक होती. घोंगडं आधी खाली अंथरलं जायचं.

आणि पाण्याला लागून तंबू मिळावा म्हणून आपण जास्त पैसे देतो ना, तीच सगळ्यात गार आणि दमट जागा असते. तुंग, तिकोना, लोहगड यांच्या उतारांवरची थंड हवा जड असते. रात्रभर ती ओघळत खाली येते आणि तलावाच्या काठी साचते. शंभर फूट वर, झाडांच्या आडोशाला झोप बरी लागली असती. पण तिथून फोटो तसा येत नाही.

शेजारच्या तंबूतल्या मुलांनी थंडीवर वेगळाच उपाय काढला होता. बार्बेक्यूची धगधगती शेगडी ते तंबूत नेत होते. माझ्या नवऱ्याने धावत जाऊन ती बाहेर काढायला लावली. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस जागाच होत नाही. ही सूचना तिथे कुठेही लिहिलेली नव्हती, सांगायला माणूसही नव्हता. तंबूचा मुक्काम ही जिवाशी गाठ असलेली गोष्ट आहे. जानेवारी २०२१ मध्ये केरळात वायनाडला मेप्पाडीजवळ तंबूच्या मुक्कामाला आलेल्या एका तरुणीला हत्तीने ठार केलं, त्यानंतर तिथल्या प्रशासनाला अशा मुक्कामांच्या परवान्यांकडे बघावं लागलं.

आता संडासाकडे येते, कारण सगळं दुखणं तिथे आहे. अशा ठिकाणी मैलापाण्यासाठी साधारणपणे सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा असतो. टाकीत मैला तळाशी बसतो, त्यातले जिवाणू तो हळूहळू कुजवतात आणि वरचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. या क्रियेला वेळ लागतो. पाणी टाकीत किमान एखादा दिवस निवांत थांबावं लागतं, आणि रोज थोडं थोडं येत राहावं लागतं. घराची टाकी त्यामुळे चालते. सोमवार ते शुक्रवार रिकामी आणि शनिवारी एका रात्रीत शंभर माणसं, हे तिला झेपत नाही. नव्या पाण्याचा लोंढा न कुजलेल्या मैल्याला पुढे ढकलतो, शोषखड्डा बुजतो आणि घाण वर येते. रात्री पावणेतीनला आम्ही बघितलेला तुंबलेला संडास हा त्या लोंढ्याचा परिणाम होता. त्यात काठ तलावाचा. जमीन आधीच पाण्याने भरलेली, मुरायला जागा कुठली?

सकाळी साडेपाचला मी चुलीपाशी गेले. तिथे गावातल्या एक मावशी पाणी तापवत होत्या. वय साठीच्या आसपास. रात्री नव्वद माणसांच्या भाकऱ्या त्यांनी आणि त्यांच्या सुनेने थापल्या होत्या. न विचारता त्यांनी पितळी तांब्या भरून पुढे केला. "आजींना द्या ताई, त्यांचं हातपाय गार पडलं आसतील." रात्री रांगेत उभ्या राहिलेल्या सासूबाई त्यांनी पाहिल्या होत्या. त्या अख्ख्या मुक्कामात आमची विचारपूस केलेलं ते एकमेव माणूस.

मी तिथेच बसले. मावशी समोरच्या पाण्याकडे हात करून म्हणाल्या, "आमचं घर थितं व्हतं. मी पाळण्यात व्हते, आय सांगायची." धरण सत्तरच्या दशकात पूर्ण झालं. गावं उठली, शेतं बुडाली, वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते अजून वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. अनेक धरणग्रस्त कुटुंबांचा पुनर्वसनाचा लढा पन्नास वर्षांनंतरही चालू आहे. ज्या जमिनीवर आमचे तंबू होते तिला मावशींनी गाळपेर म्हटलं. पाणी ओसरलं की उघडी पडणारी, गाळाची, सुपीक जमीन. "बाप हितं हरभरा टाकायचा," त्या म्हणाल्या. आता तिथे तंबू. मावशींना रात्रीचे चारशे मिळतात, सुनेला तीनशे. संडास धुवायला एकच पोरगा, तो सकाळी आठला येतो. ज्याने हे सगळं भाड्याने चालवायला घेतलं आहे तो तिथे राहतच नाही.

गाळपेर हा शब्द ऐकून मी चरकले. पावसाळ्यात ही जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. म्हणजे तिच्यात मुरलेलं, खड्ड्यात साचलेलं, सगळं धरणात. आणि धरणातलं पाणी नदीपात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होतं आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला येतं. या पाण्यावर पिंपरी-चिंचवड जगतं. हेच पाणी बंद नळातून शहराला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जणांचा जीव गेला. ज्या पाण्यासाठी माणसं मेली, त्याच्या काठावर आम्ही शहरातली माणसं चैन करायला जातो आणि आमची घाण त्यातच सोडून येतो. हे मला त्या सकाळपर्यंत कधी सुचलं नव्हतं, याची मला लाज वाटते.

तंबूत चैन होऊ शकत नाही असं मी म्हणत नाही. 'ग्लॅम्पिंग' हा जोडशब्द ऑक्सफर्डच्या कोशात २०१६ मध्ये आला, पण गोष्ट जुनी आहे. पुण्यात बुधवार पेठेतल्या फरासखाना पोलीस ठाण्यावरून आपण रोज जातो. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, गालिचे, सतरंज्या ठेवायची जागा, आणि फरास म्हणजे त्या उभारणारा, अंथरणारा, झाडणारा माणूस. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या छावणीचा तपशील दिला आहे. सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या, तंबू लावायला १,००० फरास, १०० पाणके, आणि १५० झाडूवाले. त्या यादीतला शेवटचा आकडा मी पुनःपुन्हा वाचला. कापड कितीही भरजरी असो, मुक्कामाचं सुख या दीडशे माणसांच्या हातांत होतं. घरात नळ, भिंत, गटार आपलं काम गुपचूप करत असतात. तंबूत यातलं काहीच नसतं, त्यामुळे ते प्रत्येक काम कुणीतरी माणसाने करावं लागतं. आमच्या चौदा हजारांतून संडास धुणाऱ्या दुसऱ्या माणसाची मजुरी निघाली नाही. दिव्यांच्या माळा मात्र निघाल्या, रात्री दहानंतरही चाललेला स्पीकर निघाला. खरं तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावरचा स्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचा असतो. विशेष सवलतीचे दिवस वर्षातून मोजकेच.

फसवणुकीबद्दल मी गप्प बसले नाही, आणि कुणीच बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. दाखवलं एक आणि दिलं दुसरं, तर ती दिशाभूल करणारी जाहिरातही ठरते आणि सेवेतली त्रुटीही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे नागपूरच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते. पुष्कळदा तेवढ्यावर समोरचा बोलायला तयार होतो. पुरावा मात्र हवा. जाहिरातीचं चित्र पैसे भरण्याच्या दिवशीच मोबाइलमध्ये साठवावं, कारण ते नंतर बदलतं. पैसे खात्यातून द्यावेत, पावती मागावी, मिळालेल्या तंबूचे फोटो तिथेच काढावेत. मी तेवढं केलं होतं. लेखी पत्र पाठवल्यावर तीन आठवड्यांनी ६,००० रुपये परत आले. माफीचा शब्द आला नाही.

ठिकाण निवडताना मी ज्या अभिप्रायांवर विसंबले होते, तेही पुन्हा वाचले. पाच तारे देणाऱ्या बहुतेकांनी सूर्यास्ताबद्दल लिहिलं होतं. सूर्यास्त खरंच सुंदर होता. तुंगचा सुळका, पाण्यावर उतरलेला केशरी उजेड, काठावर बसलेली सासूबाईंची पाठमोरी आकृती. तो फोटो मीही ठेवला आहे. तीन तारे देणाऱ्यांनी मात्र रांग, ओल आणि आवाज यांबद्दल सविस्तर लिहिलं होतं. मी ते ओलांडून पुढे गेले होते. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं आहे, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलंय. ते सक्तीचं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

या जानेवारीत सासूबाईंनीच पुन्हा विषय काढला. त्यांना चांदणं पाहायचंच होतं. या वेळी मी फोटो मागितले नाहीत. संडास किती, शनिवारी माणसं किती, टाकी शेवटची कधी उपसली, रात्री कोण थांबतं, एवढंच विचारायचं ठरवलं. पहिल्या चार ठिकाणी लोक गडबडले, एकाने फोन ठेवला. पाचवा फोन मावळातल्याच एका शेतकऱ्याने उचलला. तंबू त्याच्या स्वतःच्या शेतात, धरणापासून लांब, वर माळावर. पाणी दिसत नाही, तो आधीच म्हणाला. मग माझा प्रश्न ऐकून जरा थांबला आणि सांगितलं, "ताई, आठच तंबू देतो. नववा लावला तर टाकी पुरत नाही. मागं एकदा लावून बघितला हाय."

आम्ही शनिवारी निघतोय. सासूबाईंनी जाड सतरंजी आधीच गाडीत नेऊन ठेवली आहे.