श्रमाची गाणी (६) : छातीवरचा पट्टा आणि व्होल्गाची हाळी

गेल्या आठवड्यात शेतकामाची भलरी ऐकली. आज रशियात, व्होल्गाच्या काठी जाऊ.

साडेतीन हजार किलोमीटर वाहत ही नदी कॅस्पियन समुद्राला मिळते. भरलेली नाव प्रवाहाबरोबर सोडणं सोपं. तीच वर आणायची तर वारा हवा, आणि वारा पडला की माणसं. ती माणसं म्हणजे बुर्लाक. नावेचा लांब दोर काठावर यायचा, त्याला प्रत्येकाचा रुंद पट्टा जोडलेला. पट्टा छातीवर घेऊन टोळी वाकून चालायची. सगळ्यांत पुढे जाणता, दणकट गडी. पावलाची चाल त्याची. हिवाळा सरता सरता ही गरीब शेतकरी माणसं उचल घ्यायची, आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या घेतात तशी, आणि मग हंगामभर दोर सुटायचा नाही.

‘व्होल्गाच्या नावाड्यांचं गाणं’ म्हणून जगभर गाजलेलं गीत या लोकांचं. त्याची घडण कामातूनच कळते. एकानं आधी ओढलं नि दुसऱ्यानं मागून, तर जोर वाया जातो आणि सगळा भार एकाच्याच छातीवर येतो. म्हणून आधी हाळी, मग एकदम हिसका, की पुन्हा हाळी. सूर मोजकेच, फार वर न जाणारे. धाप लागलेल्या माणसालाही ते म्हणता येतात. शब्दांत कथा नाही, तक्रारही नाही. आणखी एकदा जोर लावा, एवढंच पुन्हा पुन्हा.

संगीतकार मिली बालाकिरेव यांनी १८६६ मध्ये आपल्या लोकगीतांच्या संग्रहात हे गाणं छापलं, तेव्हा त्याला एकच कडवं होतं. बाकीची नंतर जोडली गेली. मला त्या एका कडव्याचंच मोल अधिक वाटतं. दोर ओढणाऱ्याला त्याहून जास्त शब्दांची गरजच नव्हती; लांबी हवी होती ती सभागृहातल्या श्रोत्यांना.

सभागृहात ते पोचवलं फ्योदोर शाल्यापिन यांनी. व्होल्गाकाठच्याच कझानमध्ये १८७३ साली जन्मलेला हा खर्जाचा गायक. त्याच वर्षी इल्या रेपिन यांनी अकरा बुर्लाकांचं आपलं प्रसिद्ध चित्र पूर्ण केलं. १९१७ मध्ये झारची सत्ता गेली, जुनं राष्ट्रगीत वाजवणं अशक्य झालं, तेव्हा रोममधल्या एका रशियन नृत्यप्रयोगासाठी संगीतकार स्त्राविन्स्की यांनी हीच धून वाद्यवृंदासाठी बांधली. राजाच्या स्तुतीची जागा ओझं ओढणाऱ्यांच्या गाण्याला मिळाली! १९४१ मध्ये अमेरिकेत ग्लेन मिलर यांच्या जॅझ वाद्यवृंदानं तिच्यावर लोकांना नाचवलं. तोवर वाफेच्या बोटींनी बुर्लाकांचं काम कधीच संपवलं होतं.

शाल्यापिन यांची ध्वनिमुद्रिका जरूर ऐका. आवाज हळू सुरू होतो, टोळी जवळ यावी तसा चढतो, पुढे निघून गेल्यासारखा विरतो. ऐकताना शब्दांच्या मागे लागू नका. हाळीनंतर श्वास कुठे घेतला आहे तेवढं पाहा; नाव पुढे सरकायची ती तिथे.