पाण्याचा जमाखर्च : डॉ. टिमथी नोक्स यांचे संशोधनकार्य

'चक्कर आली आहे, आधी सलाईन लावा', असा आग्रह रुग्णांचे नातेवाईक अनेकदा धरतात. त्यामागील माया आम्ही जाणतो. तथापि, प्रत्येक वेळी पाण्याची तूटच असते असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठाचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. टिमथी नोक्स यांनी हे सप्रमाण दाखवून दिले.

सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये १९८१ साली एक महिला धावपटू अत्यवस्थ झाली. निर्जलीकरण समजून तिला शिरेतून द्रव देण्यात आले. त्यानंतर तिला झटके आले. प्रत्यक्षात तिच्या शरीरात पाणी अधिक झाले होते. धावपटूंनी भरपूर पाणी प्यावे, असे डॉ. नोक्स स्वतःही पूर्वी सांगत. या घटनेनंतर त्यांनी आपले मत पुन्हा तपासले व १९८५ मध्ये अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. १९८८ च्या शर्यतीतील आठ रुग्णांच्या अभ्यासातून शरीरात साचलेल्या जादा पाण्याचा पुरावाही मिळाला.

यामागील कारण जमाखर्चाच्या वहीप्रमाणे समजते. घामावाटे होणाऱ्या खर्चापेक्षा पाण्याची जमा अधिक झाली आणि दीर्घ श्रमामुळे लघवीचे प्रमाण घटले, तर रक्तातील सोडियम विरल होते. मग मेंदूला सूज येते. डोकेदुखी, उलटी, भ्रम ही लक्षणे निर्जलीकरणासारखीच भासतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के धावपटूंचे सोडियम प्रति लिटर १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी आढळले. त्याच शर्यतीतील एका तरुण धावपटूचा याच विकाराने मृत्यू झाला.

आहाराविषयीची डॉ. नोक्स यांची नंतरची मते वादग्रस्त ठरली; पाण्याविषयीचा त्यांचा इशारा मात्र आज सर्वत्र मान्य आहे. तहान लागेल तेवढेच पाणी प्यावे, हा त्याचा सारांश होय.

२००४ पासून होत असलेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेकजण धर्मादाय संस्थांच्या निधीसाठी धावतात. त्यांच्या कुटुंबीयांस नम्र विनंती, की धावपटू भ्रमिष्टासारखा वागू लागल्यास त्यास पाणी पिण्याचा आग्रह न करता तत्काळ रुग्णालयात आणावे. तेथे प्रथम सोडियम तपासू द्यावे. गंभीर अवस्थेत नेहमीच्या सलाईनऐवजी तीव्र क्षारद्रव अल्प प्रमाणात द्यावा लागतो. तपासणीत गेलेली ती काही मिनिटे म्हणजे दिरंगाई नव्हे. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.