अकरावीचे रसायनशास्त्र : एकमेकांना शिकवत शिकू या



मी प्राथमिक शिक्षक आहे. मग अकरावीच्या केमिस्ट्रीवर मी काहून लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. कारण सोपं आहे. आपल्या चांदूर बाजार तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेली मुलं दहावीनंतर सायन्स घेतात, आणि पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच काही जण म्हणतात, "सर, आर्ट्सला जातो." गणित येतं, पाठांतर येतं, पण पहिलाच धडा अडतो. तो धडा म्हणजे मोल. खरं सांगायचं तर त्यातला निम्मा अडथळा रसायनशास्त्राचा नसतोच, तो भाषेचा असतो.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप' हा पाठ आठवतो का? मोल तिथेच भेटला होता. पण तो मराठीत भेटला. अकरावीत तोच माणूस इंग्रजी कपडे घालून येतो आणि आपण ओळखत नाही. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, क्षपण म्हणजे रिडक्शन, आम्लारी म्हणजे बेस, सामू म्हणजे पीएच. आता त्यात मोबाईलवरचे हिंदी व्हिडिओ धरा. आपल्या मराठी पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात, बेसला क्षारक, आणि पाण्यात विरघळणाऱ्या बेसला क्षार! म्हणजे एकच शब्द, एका ठिकाणी मीठ आणि दुसऱ्या ठिकाणी मिठाच्या उलट बाजूचा पदार्थ. पोट्टे गोंधळणार नाहीत तर काय होईल?

हा गोंधळ कोण सोडवेल? प्राध्यापक सोडवतील, पण त्यांना तो दिसायला पाहिजे ना. ज्यांना वीस वर्षं मोल समजलेला आहे, त्यांना न समजणं कसं असतं हे आठवत नाही. तुमच्या बाकावरच्या मैत्रिणीला मात्र तो परवाच समजला आहे. आपण नेमकं कुठे अडकलो होतो ते तिला पाठ आहे. म्हणून तिला विचारा.

ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल हे मुलांकडूनच मुलांना शिकवून घेत. त्यांचा त्यावरचा अहवाल १७९७ मध्ये लंडनला छापला गेला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९० च्या दशकात खास पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रासाठी असे गट सुरू झाले. आदल्या वर्षी तोच विषय चांगला पास झालेला विद्यार्थी सहा-आठ जणांचा गट घेऊन बसतो. तो उत्तर सांगत नाही, फक्त बोलतं ठेवतो. आणि आपल्या सातपुड्याच्या पलीकडे, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं शाळेतली मुलं चार-चारच्या टोळीत बसून विज्ञानाचे प्रयोग करत होती.

चला तर मग, मोलकडे वळू. डझन संत्री आणि डझन लिंबं घ्या. नग दोन्हीकडे बाराच. वजन सारखं असेल का? नाही. मोलचंही असंच आहे. मोल म्हणजे मोजणीचा एक फार मोठा 'डझन' : ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. कार्बनचे इतके अणू घेतले की वजन १२ ग्रॅम भरतं, पाण्याचे इतके रेणू घेतले की १८ ग्रॅम. नग तेवढेच, वजन वेगळं. (२० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच या आकड्यावरून केली जाते, कार्बनच्या वजनावरून नाही. जुन्या गाईडमध्ये जुनी व्याख्या दिसली तर घाबरू नका.)

आता लिमिटिंग रिएजंट. इथे बहुतेक मुलं म्हणतात, "जे कमी आहे ते आधी संपेल." थांबा. गावात ७ बैल आहेत आणि ५ बंड्या. बंड्या कमी आहेत. मग बंड्या आधी संपतील का? एका बंडीला दोन बैल लागतात. तीन बंड्या जुंपल्या की एक बैल उरला, आणि दोन बंड्या नुसत्याच उभ्या. म्हणजे संख्येने जास्त असूनही काम बैलांनी अडवलं. अमोनिया तयार करताना नायट्रोजनच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात आणि अमोनियाचे दोन रेणू मिळतात. नायट्रोजन ३ मोल आणि हायड्रोजन ६ मोल असेल तर? हायड्रोजन दुप्पट आहे, तरी तोच आधी संपतो. नायट्रोजन १ मोल उरतो, अमोनिया ४ मोल मिळतो. बंडीचं उदाहरण ज्याला कळलं त्याने हे गणित दुसऱ्याला करून दाखवावं. पेन मात्र समोरच्याच्या हातात द्यायचा.

एक धोका सांगतो. मित्राकडून समज जशी मिळते तशी चूकही मिळते, आणि ती फार आत्मविश्वासाने मिळते. "एक मोल म्हणजे २२.४ लिटर" हे वाक्य असंच पसरतं. ते फक्त वायूसाठी आहे, तेही शून्य अंश सेल्सिअस तापमान आणि एक अ‍ॅटमॉस्फिअर दाब असताना. पाण्याला लावलं तर काय होईल? गटातलं एखादं पोरगं लगेच म्हणेल, "अठरा ग्रॅम पाण्यात बकेट भरते का बे?" नाही भरत. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे जेमतेम १८ मिलिलिटर, तीन-चार चमचे. हा प्रश्न विचारणारा एक तरी गटात पाहिजे. उत्तर आलं की ते डोळ्यासमोर आणून बघायचं, पटतं का? आणि दोघांचं जुळलं नाही तर जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं धरायचं नाही. पुस्तक उघडायचं, नाहीतर सरांना गाठायचं.

गट किती जणांचा? माझ्या मते चार. सहाच्या वर गेला की दोघं बोलतात आणि बाकीचे मोबाईल बघतात. आठवड्यातून दोनदा, तासभर पुरे. एक वही सगळ्यांची मिळून ठेवा. डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी, खाली एका ओळीत स्वतःच्या भाषेत अर्थ. वऱ्हाडीत लिहिला तरी चालेल. आणि गटातला सर्वांत हुशार पोरगा वाया जातो असं त्याच्या बाबांना वाटत असेल तर त्यांना सांगा, समजावून सांगताना त्याचाच धडा पक्का होतो. मोल 'येतो' आणि मोल 'सांगता येतो' यातलं अंतर तोंड उघडल्यावरच कळतं.

आता या आठवड्याचा गृहपाठ. घरी किंवा शेजारी युरियाची रिकामी गोणी असेलच, ४५ किलोची. त्यावर नत्र ४६ टक्के लिहिलेलं असतं. युरियाच्या एका रेणूत कार्बनचा १ अणू, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४. अणुवस्तुमानं १२, १६, १४ आणि १. बेरीज ६०, त्यात नायट्रोजन २८. अठ्ठावीस भागिले साठ म्हणजे ४६.७ टक्के. गोणीवरचा आकडा जुळला. म्हणजे एका गोणीत शुद्ध नत्र साधारण २० किलो ७०० ग्रॅम.

हेच डीएपीच्या गोणीवर करा. रेणूत नायट्रोजन २, हायड्रोजन ९, फॉस्फरस १, ऑक्सिजन ४. फॉस्फरसचं अणुवस्तुमान ३१. हिशोब २१ टक्क्यांच्या वर जातो, पण गोणीवर नत्र १८ टक्केच छापलेलं असतं. असं का? आधी चौघांनी आपापला अंदाज वहीत लिहा, मग एकमेकांचा वाचा आणि भांडा.